फूट तोंडात राहू द्या, बिलावर मीटर हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकाचं पत्र आलं होतं, की मेट्रिक पद्धत येऊन साठ-पासष्ट वर्षं झाली तरी आपण अजून फूट, इंच, तोळा, पाउंड करत बसलोय, ही इंग्रजांची गुलामी आहे, बंद करा आता वगैरे वगैरे. पत्र जोरदार होतं पण मला ते अर्धंच पटलं. कायद्याचं त्यांनी लिहिलं ते बरोबरच आहे. २००९ चा लीगल मेट्रॉलॉजी, म्हणजे वजन-मापांचा कायदा आहे, १ एप्रिल २०११ पासून लागू झाला, आणि त्यात सरळ लिहिलंय की देशात माप मेट्रिकच चालेल, भाव सांगायचा, बिल करायचं, जाहिरात द्यायची तर त्याच मापात. पण म्हणून लोकांच्या तोंडातला फूट काढायला निघायचं का? इंदुरात "२० बाय ५० चा प्लॉट" म्हटल्याशिवाय डोळ्यापुढे प्लॉट उभाच राहत नाही, तुम्ही ९२.९ स्क्वेअर मीटर म्हणून बघा, समोरचा म्हणेल अरे म्हणजे किती ते नीट सांग ना.

बोलू देत की लोकांना. सासऱ्यांनी मुलाची उंची पाच फूट आठ इंच विचारली तर कुणाचं काही जात नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे, आणि तो म्हणजे एकाच व्यवहारात दोन मापं. माल एका मापात येतो, बिल दुसऱ्या मापात बनतं, आणि मधे जो फरक राहतो तो कुणाच्या तरी खिशात जातो, आणि तो खिसा गिऱ्हाइकाचा नसतो हे मी लिहून देतो.

आता मिसळ तर आपण सगळीकडेच केलीये. गाडीचा टायर बघा, १८५/६५ आर १५ लिहिलेलं असतं, त्यातले १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये आणि शेवटचे १५ म्हणजे रिम इंचात, एकाच ओळीत दोन्ही, आणि वर हवा भरायची पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला किती पाउंड! प्लायवूड आठ बाय चार फुटाचा पण जाडीला अठरा एमएम. एम.टी. क्लॉथ मार्केटात जा, कापड मीटरने फाडून देतील पण पन्हा विचारला तर चव्वेचाळीस, म्हणजे इंच, आणि मग तेच कापड शिंप्याकडे गेलं की पुन्हा सगळं इंचात. सळई आता ८ एमएम, १२ एमएम म्हणून येते पण जुने मिस्त्री अजून तीन सूत, चार सूतच म्हणतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एसी दीड टनाचा, बोअरची मोटर दोन हॉर्सपॉवरची. माहेश्वरी साडी घ्यायला गेलात तर नऊवारी आणि सहावारी ही नावं तर आहेतच, पण दुकानदार गाठोडं सोडून सांगणार साडेपाच मीटर आणि ब्लाऊजपीस वेगळा. यातल्या बहुतेक ठिकाणी कुणाचं नुकसान होत नाही कारण ते नुसतं नाव झालंय, अर्ध्या इंची नळ कुणी फूटपट्टी लावून मोजत नाही. त्यामुळे त्याच्यावर पत्र लिहायची काही गरज नाही.

गरज आहे ती टाइल्सवर.

माझ्या दादाचं सुदामानगरला घर आहे, तिथे यंदा फरशी बदलायचं काम निघालं. दुकानात "टू बाय टू" पसंत केली, दुकानदाराने कॅल्क्युलेटर काढला, एका पेटीत चार टाइल, एक टाइल चार स्क्वेअर फूट, म्हणजे पेटी सोळा फुटाची, भाव इतका, बिल इतकं. सगळ्यांना पटलं, कारण दोन दुणे चार आणि चार चोक सोळा यात न पटण्यासारखं काय आहे. माल घरी आल्यावर वहिनी पेटीवर छापलेलं वाचत बसली (तिला सवयच आहे, बिस्किटाच्या पुड्याचं पण सगळं वाचते) आणि म्हणाली अहो यावर तर ६०० बाय ६०० एमएम आणि एकूण १.४४ स्क्वेअर मीटर लिहिलंय. मग मोबाईलवर हिशोब केला. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर, टाइल आहे ६०० ची. बाजूला जेमतेम एक सेंटीमीटर कमी, म्हणून डोळ्याला कळत नाही, पण क्षेत्रफळात १.४४ स्क्वेअर मीटर म्हणजे साडेपंधरा स्क्वेअर फूट, सोळा नाही. जोडामध्ये दोन-तीन एमएमची फट सोडतात ती धरली तरी सोळा काही होत नाही.

आता अर्ध्या फुटासाठी काय भांडायचं असं कुणी म्हणेल. हजार फुटांचं काम धरा. सोळाच्या हिशोबाने ६३ पेट्या लागतात, खरोखर लागतात ६५, आणि हे कटिंगमध्ये तुटफूट होते ती सोडून. साठ रुपये फूट भाव असेल तर दर पेटीमागे तीस रुपये जी फरशी तुम्हाला मिळालीच नाही तिचे दिलेत, ६३ पेट्यांवर १,८९० रुपये. वर जास्तीच्या पेट्या आणायला पुन्हा लोडिंगचं भाडं, आणि दुसऱ्या लॉटच्या पेट्या मिळाल्या तर शेड थोडी इकडेतिकडे होणार ती वेगळी. आणि गंमत अशी की मिस्त्री आपली मजुरी खोलीत टेप टाकून खऱ्या फुटाने घेतो. म्हणजे त्याचा फूट ३०४.८ एमएमचा आणि दुकानदाराचा फूट ३०० एमएमचा, एकाच खोलीत दोन फूट! दादा परत दुकानात गेला तर उत्तर काय, "भिया, पूरा मार्केट सोला पे ही बेचता है, आप पहले आदमी हो जो पूछ रे हो." दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तो माणूस खोटं बोलत नव्हता. दोन बाय चारची मोठी टाइल घ्या, ती ६०० बाय १२०० असते, पेटीत दोन, पुन्हा तेच १.४४ आणि पुन्हा बिल सोळाचं.

यात लबाडी आहे म्हणावं तर कारखान्याने पेटीवर खरं छापलंय. गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांचा माल सगळा मिलिमीटरमध्येच बनतो. दुकानदार फुटात बोलतो कारण गिऱ्हाईक फुटात विचारतं. गिऱ्हाईक फुटात विचारतं कारण घराचा नकाशा फुटात आहे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं अशातला प्रकार. मापात पाप म्हणतात ना, तर हे असं पाप आहे की करणारा कोणी सापडतच नाही.

सराफ्यातली गोष्ट थोडी वेगळी आहे, तिथे उलट शिकण्यासारखं आहे. आज कुठल्याही सराफाकडे जा, तोळा म्हणजे दहा ग्रॅम. पण जुना तोळा दहा ग्रॅमचा नव्हता हो, तो ११.६६ ग्रॅमचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, ऐंशी तोळ्यांचा शेर, असं ते चालायचं. त्यामुळे घरात आजीच्या हातची चिठ्ठी असेल "पाटल्या ५ तोळे" आणि ती जुन्या वजनाची असेल तर ते सोनं ५० ग्रॅम नाही, ५८ ग्रॅमच्या वर आहे. वाटणीच्या वेळी कुणी पन्नास धरून हिशोब केला तर आठ ग्रॅम सोनं कागदावरून गायब, आणि आठ ग्रॅम आज काय भावाने पडतं ते तुम्हीच पहिल्या पानावर छापता. पण दुकानातल्या बिलावर हा घोळ होत नाही, कारण तिथे तोंडाने कितीही तोळे-तोळे करा, बिल बनतं ग्रॅममध्ये, तेही पॉइंटच्या पुढे तीन आकड्यांपर्यंत, आणि दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी नंबर वेगळा. तोंडात तोळा, बिलावर ग्रॅम. मला टाइलवाल्यांकडून एवढंच हवंय.

टीव्हीच्या बाबतीत पण हे जमलंय. आपण त्रेचाळीस इंचीच म्हणतो पण कंपनीची जाहिरात बघा, त्यात आधी १०८ सेंमी आणि मग इंच. जमवायचं ठरवलं तर जमतं. केकवाले मात्र अजून पाउंडावर आहेत, एक पाउंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, आणि काउंटरवरचा मुलगा बिनधास्त सांगतो "आधा किलो ही समझ लो". ४६ ग्रॅम समजून घ्यायचे. जाऊ दे, वाढदिवसाच्या दिवशी कुठे वाद घालता.

आता मला प्रश्न असा पडला की भाजीवाल्याकडे हे का होत नाही. तिथे पण एकेकाळी शेर, पावशेर, छटाक सगळं होतं, आणि शेर होता साधारण ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलोपेक्षा कमी, म्हणजे घोळ करायला भरपूर वाव होता. तरी आज पाव म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात अडीचशे ग्रॅमच असतं. मला वाटतं याचं कारण असं आहे की तिथे जुनी वजनंच उचलून नेली. १९५६ चा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरुवात केली, आणि १ एप्रिल १९६२ पासून वजनं मेट्रिकच पाहिजेत असं सक्तीचं केलं. दुकानदाराच्या तागडीत शेराचं लोखंड ठेवायचीच सोय राहिली नाही, आणि नवीन वजनांवर सरकारी छाप लागायला लागला. पण टेपचं काय? टेपच्या एका कडेला इंच आहेत आणि दुसऱ्या कडेला सेंटीमीटर, आजही, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातून घेऊन बघा. वजन बदललं कारण जुनं हातात राहिलं नाही आणि लांबी बदलली नाही कारण जुनं-नवं एकाच पट्टीवर शेजारी शेजारी बसलंय. मग सुतार म्हणतो "साढ़े तेईस इंच दो सूत" आणि मॉड्युलर किचनवाला म्हणतो ५६० एमएम, आणि ओट्याला पाडलेल्या भोकात शेगडी बसत नाही म्हणून घरचे दोघांच्या मधे उभे.

पैशांच्या वेळी तर याहून मजेशीर झालं होतं आणि ज्येष्ठ वाचकांना ते आठवत असेल. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला, रुपयाचे शंभर. त्याआधी रुपयाचे सोळा आणे. मग एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैसा द्यायचा कसा, म्हणून तक्ते काढले, एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. म्हणजे चार आणे एकदम दिले तर पंचवीस मिळणार आणि एक एक करून चार वेळा दिले तर चोवीसच. रुपयाचे सोळा आणे सुटे सुटे मोडले तर शहाण्णव. चार पैसे हवेत. दोन मापं बरोबर चालली की असं होतंच, त्यात कुणाची बदमाशी असावीच लागते असं नाही. पण तिथे सरकारने जुनी नाणी हळूहळू बाजारातून काढली आणि १ जून १९६४ पासून नाण्यावरचं "नया" सुद्धा काढून टाकलं, विषय संपला.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं किरकोळ आहे, चिल्लर आहे, त्यांच्यासाठी कॅनडाचं एक उदाहरण. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोईंग ७६७, माँट्रियलहून ओटावा करून एडमंटनला चाललेलं. कॅनडात तेव्हा मेट्रिकवर जाणं चालू होतं, आणि हे नवीन विमान किलोत हिशोब करणारं. त्यात इंधनाचा गेज बिघडलेला, म्हणून टाकीत पट्टी घालून लिटर मोजले आणि लिटरचं वजन काढलं. लिटरला १.७७ ने गुणलं, पण १.७७ हा आकडा पाउंडाचा, किलोचा आकडा साधारण ०.८. लागणार होतं २२,३०० किलो, टाकीत भरलं २२,३०० पाउंड, म्हणजे निम्म्यापेक्षा कमी. ४१ हजार फुटांवर असताना इंधन संपायला लागलं आणि एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद. वैमानिकाला ग्लायडर उडवता यायचं म्हणून त्याने ते विमान गिमली नावाच्या गावी जुन्या हवाईतळावर, जिथे तेव्हा गाड्यांच्या शर्यती चालायच्या, तरंगत आणून उतरवलं, ६९ माणसं वाचली. यात पाउंड वाईट आणि किलो चांगला असं काही नाही. विमानाची उंची आजही बहुतेक जगात फुटातच सांगतात, आपल्या देवी अहिल्याबाई विमानतळावर पण, आणि काही होत नाही कारण तिथे सगळेच फुटात बोलतात. नुसत्या पाउंडावर ते विमान नीट गेलं असतं, नुसत्या किलोवरही गेलं असतं.

आता थोडं तुमच्याकडे वळतो, संपादक साहेब, रागवू नका. पावसाळ्यात तुमच्या अंकात पहिल्या पानावर पाऊस इंचात असतो, आत हवामानाच्या चौकटीत मिलिमीटरमध्ये असतो, यशवंत सागर तलावाची पातळी फुटात आणि नर्मदेचं पाणी एमएलडीत, म्हणजे रोजचे दशलक्ष लिटर. हिंदी पेपरांचं पण हेच आहे म्हणा. "शहरात ४ इंच पाऊस" हे वाचायला दणदणीत वाटतं हे मला मान्य आहे, १०१.६ मिमीत तो दम नाही. पण मिलिमीटरची एक खुबी आहे जी इंचात कधीच येणार नाही. एक स्क्वेअर मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते पाणी बरोब्बर एक लिटर होतं. कॅल्क्युलेटर नको, तक्ता नको. तुमच्या गच्चीचं क्षेत्रफळ ८० स्क्वेअर मीटर आणि रात्री पाऊस ५० मिमी, तर गच्चीवर ४,००० लिटर पाणी पडलं. त्यातलं थोडं उडालं, थोडं मुरलं तरी एका छोट्या टँकरइतकं पाणी एका रात्रीत गटारात गेलं हे सकाळी चहा पिता पिता कळतं. हेच इंच आणि स्क्वेअर फुटात करून बघा, ८६१ स्क्वेअर फूट गुणिले १.९७ इंच, मग बाराने भागा, मग घनफुटाचे लिटर करायला २८.३ ने गुणा. कोण करणार? ज्या शहराला पाणी नर्मदेवरून जलूदहून उपसून, डोंगर चढवून आणावं लागतं आणि जिथे महानगरपालिका घराघराला वॉटर हार्वेस्टिंग करा म्हणून सांगते, तिथे पेपरने पाऊस इंचात द्यावा हे मला काही केल्या पटत नाही. मथळ्यात इंच ठेवायचेच असतील तर ठेवा, पण बातमीत मिमी द्या, आणि जूनच्या पहिल्या पावसाच्या दिवशी एकदा हे लिटरचं गणित छापा. बघा किती लोक गच्ची मोजतात.

तापाचं पण तसंच. हवेचं तापमान आपण सेल्सिअसमध्ये बोलतो, ४२ झालं, ४३ झालं, आणि अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये. त्यात ते ९८.६ लोकांना इतकं बारीक मोजलेलं, दशांशापर्यंत खरं वाटतं, तर मुळात तो जर्मन डॉक्टर वुंडरलिखने ३७ सेल्सिअस म्हटलेलं होतं, त्याचं फॅरनहाइट केलं की ९८.६ येतं, एवढंच. आणि डॉक्टर १००.४ च्या वर ताप म्हणतात तेही ३८ चंच भाषांतर. आता डिजिटल थर्मामीटरला एक बटण असतं, ते चुकून दाबलं गेलं की पडद्यावर ३९ दिसतं, आणि घरात म्हातारी माणसं एकटी असली की त्यांना वाटतं मशीन बिघडलं, ताप काही नाही. ३९ म्हणजे १०२ च्या वर ताप आहे! निदान घरात थर्मामीटरच्या डबीवर ३७, ३८, ३९ च्या पुढे फॅरनहाइटचे आकडे पेनाने लिहून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

जमिनीचं मी मुद्दाम लिहीत नाही कारण तो वेगळाच महाभारत आहे, खसऱ्यात, म्हणजे सरकारी नोंदीत हेक्टर, सौद्यात बीघा, आणि बीघा तर प्रांत बदलला की बदलतो, ग्वाल्हेरकडच्या नातेवाइकांशी शेतीच्या गप्पा मारताना आधी तुमचा बीघा केवढा हे विचारून घ्यावं लागतं. त्यावर कुणी जाणकाराने लिहावं.

माझी मागणी छोटी आहे. नापतौल विभागाने, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, पेट्रोल पंप आणि वजनकाटे तपासावेतच, पण टाइल्सच्या दुकानातलं बिल पण एकदा बघावं, त्यावर पेटीवर छापलेलं स्क्वेअर मीटर लिहिलेलं आहे का. दुकानदाराला त्यात खर्च काही नाही, भाव थोडा वाढवून लावायचा असेल तर लावू दे, निदान दोन दुकानांची तुलना तरी खरी होईल, कारण आज एक दुकानदार साडेपंधरावर प्रामाणिकपणे ६२ रुपये म्हणाला तर तो सोळावर ६० म्हणणाऱ्यापेक्षा महाग वाटतो. प्रत्यक्षात दोघांची पेटी एक रुपयाच्या फरकाने सारखीच पडते, पहिल्याची ९६१ ला, दुसऱ्याची ९६० ला! आणि वाचकांनो, यंदा घराचं काम काढणार असाल तर खोलीची लांबी-रुंदी मीटरमध्ये मोजा, टेप उलटा धरला की झालं, दोन्हींचा गुणाकार करून पेटीवरच्या स्क्वेअर मीटरच्या आकड्याने भागा आणि मगच दुकानात जा. तुमच्या रविवारच्या अंकात बिल्डरांच्या आणि टाइल्सवाल्यांच्या पान-पान जाहिराती असतात, त्यात सगळा भाव फुटाचा असतो, तर तुमच्या जाहिरात विभागाने त्यांना मीटरचा भाव पण शेजारी द्यायला सांगितलं तर बरं होईल, कायद्याने तो तसा द्यायलाच हवा.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
रामबाग, इंदूर